पायलटची फी कोण भरतं?

लंडनहून मुंबईला जाताना कॉकपिटमधून जो आवाज ऐकू येतो, त्या माणसाच्या शिक्षणाचे पैसे कोणी भरले असतील, असा प्रश्न तुम्हाला सहसा पडणार नाही. पण ब्रिटनमध्ये पायलट कोण होणार, हे बरंचसं त्यावरच ठरत आलंय.

दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या विमानकंपन्यांना पायलट घडवावेच लागत नव्हते. हवाई दलाने सरकारी खर्चाने तयार केलेली माणसं आयती मिळायची. मग ती पिढी निवृत्तीकडे झुकली, आणि १९५७ मध्ये सरकारने सक्तीची लष्करी सेवा संपवायचं ठरवलं. झरा आटणार हे दिसत होतं. म्हणून बीईए आणि बीओएसी या दोन सरकारी कंपन्यांसाठी १९६० मध्ये साउथॅम्प्टनजवळ हॅम्बलला कॉलेज निघालं. शाळेतून नुकतेच बाहेर पडलेले मुलगे चिपमंक विमानांवर शिकायचे. खर्चाचा मोठा भाग कंपन्या आणि सरकार उचलायचे, त्यामुळे बापाकडे पैसा नसला तरी कॉकपिटपर्यंत पोचता यायचं. (‘मुलगे’ म्हणतेय ते मुद्दाम. ब्रिटिश एअरवेजमध्ये पहिली महिला पायलट आली ती १९८७ मध्ये.)

यात एक मेख होती. आज घेतलेला कॅडेट कामाला येणार दोनेक वर्षांनी, आणि तेव्हा किती विमानं उडतील हे आज कोण सांगणार? १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, पुढच्या वर्षी दोन्ही कंपन्या एक होऊन ब्रिटिश एअरवेज झाली, आणि पायलट जास्त झाले. हॅम्बलमधून बाहेर पडलेल्या कित्येकांना विमानच मिळेना. १९८० च्या दशकात कॉलेजच बंद पडलं.

त्यानंतर योजना येत-जात राहिल्या, पण अंदाज चुकला तर भुर्दंड कोणाला, याचं उत्तर हळूहळू बदललं. नाव ‘कॅडेट’च राहिलं, फी मात्र एक लाख पौंडांच्या आसपास, आणि ती बहुतेक ठिकाणी घरच्यांनी भरायची, कित्येकदा घर गहाण ठेवून. २०२० मध्ये कोव्हिडने भरती थांबली, कर्जाचे हप्ते थांबले नाहीत. कंपन्यांना यात पायलट स्वस्तात मिळतात हे खरं, पण निवड होते ती ज्यांच्याकडे गहाण ठेवायला घर आहे त्यांच्यातूनच. मला हे गुणवत्तेची चाळणी वाटत नाही.

२०२३ मध्ये ब्रिटिश एअरवेजने पुन्हा स्वतःच्या खर्चाने शिकवायची योजना जाहीर केली. पहिल्या वर्षी जागा जास्तीत जास्त ६०. अर्ज हजारोंनी आले.