पाथरीच्या हवेतील खरखर : परवाना कोणाला, गोंगाट कोणाचा

गोदावरीच्या उत्तरेस असलेले आणि निजामशाही व इमादशाही यांच्यातील जुन्या वैराचे कारण ठरलेले पाथरी हे गाव विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैदराबाद संस्थानात मोडत होते, त्यामुळे तेथील रेडिओचा इतिहास मुंबई-पुण्याच्या इतिहासापासून बराच काळ वेगळा राहिला. संस्थानाची हैदराबाद व औरंगाबाद येथील प्रसारण केंद्रे 1950 साली आकाशवाणीकडे आली, मात्र औरंगाबादचे केंद्र पुढे काही वर्षांतच बंद पडले. युनेस्कोच्या साहाय्याने 1956 साली पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांच्या श्रवणमंडळांचा प्रयोग केला, तोही तत्कालीन मुंबई राज्याच्या हद्दीतच झाला. परभणी येथे 1305 किलोहर्ट्झवरील मध्यम लहरींचे केंद्र उभे राहिले, तेव्हा कोठे जिल्ह्याला स्वतःचे प्रसारण लाभले.

मध्यम लहरींच्या प्रसारणात ध्वनी हा वाहक लहरीच्या कमी-अधिक होणाऱ्या जोरावर बसवलेला असतो; म्हणून त्याच कंप्रतेवर येणारी कोणतीही ठिणगी रेडिओसंच ध्वनी समजूनच ऐकवतो. वीज पोहोचण्यापूर्वी बॅटरीवर चालणाऱ्या संचाला अडथळा होता तो मुख्यतः वळवाच्या विजांचा. वीज आली आणि खांबावरील सैल जोड, तडा गेलेले इन्सुलेटर, ट्यूबलाइटचे चोक, मिक्सरमधील कार्बन ब्रश अशी खरखरीची नवी घराणी निर्माण झाली. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने या भागात बागायत वाढवली आणि मोटारींबरोबर त्यांचे स्टार्टरही शिवारात आले. पुढे लोडशेडिंगच्या काळात सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरला वीज गेल्यावरच स्वच्छ आवाज मिळे. अंधाराचा एवढा एक लाभ श्रोत्यांच्या पदरात पडला असे म्हणण्यास हरकत नाही.

या सर्व काळात कायद्याची नजर मात्र भलत्याच दिशेला होती. 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी तारायंत्र कायदा यांनी संच बाळगणाऱ्यावर परवान्याचे बंधन घातले, आणि साध्या श्रोत्याची परवान्यातून सुटका होण्यास 1980 चे दशक उजाडावे लागले. हौशी रेडिओचालकांची, म्हणजे नफ्याचा हेतू न ठेवता स्वतःच्या यंत्रावरून जगाशी संभाषण करणाऱ्या ‘हॅम’ मंडळींची, स्थिती अधिक कडक होती. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या प्रक्षेपणावर बंदी आली, 1942 साली मुंबईतून चाललेल्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या उभारणीत त्यांच्यापैकीच एक असलेले तंत्रज्ञ नरिमन प्रिंटर यांचा हात होता, आणि स्वातंत्र्यानंतरही सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज प्रक्षेपक चालवता येत नसे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्यानंतरच्या मदतकार्यात याच मंडळींनी बिनतारी संदेशवहनाची सेवा दिली, ही मराठवाड्याच्या दृष्टीने या छंदाची सर्वांत मोलाची नोंद होय.

आजच्या खरखरीचे उगमस्थान छपरावर आहे. सौरपट्ट्या एकदिश विद्युत् देतात, तर घरातील उपकरणांना प्रत्यावर्ती लागते. हे रूपांतर करणारा इन्व्हर्टर आपल्यातील ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. हा वेग 20 किलोहर्ट्झ असल्याचे उदाहरणादाखल धरले, तर त्याच्या पटींमध्ये शक्तीचे अंश विखुरतात : 65 वी पट 1300 किलोहर्ट्झवर, म्हणजे परभणी केंद्राच्या शेजारीच पडते, आणि 355 वी पट 7100 किलोहर्ट्झवर, म्हणजे हौशी चालकांच्या 40 मीटर पट्ट्याच्या मधोमध. छपरापासून खालपर्यंत गेलेल्या दोन तारा एकमेकींपासून दूर धावत असतील, तर त्या मिळून न मागता तयार झालेला अँटेना बनतात. परिणाम असा की सूर्य वर येताना खरखर सुरू होते आणि मावळताना संपते, म्हणजे लोडशेडिंगच्या काळातील अनुभवाच्या नेमकी उलट स्थिती. शेतातील सौर कृषिपंपाचा नियंत्रकही याच तत्त्वावर चालत असल्याने शिवारही यातून सुटलेले नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या घरगुती संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते, तेव्हा अशा यंत्रांची संख्या वाढत जाणार हे उघड आहे. सौरऊर्जेच्या उपयोगाविषयी दुमतही नाही. प्रश्न मानकांचा आहे. रेडिओ-अडथळ्यांचा विचार करण्यासाठी सिस्प्र ही आंतरराष्ट्रीय समिती 1934 सालापासून काम करते, आणि सौर इन्व्हर्टरच्या एकदिश तारांवरून बाहेर पडणाऱ्या गोंगाटालाही तिने अलीकडे मर्यादा ठरवून दिल्या आहेत. युरोपात, विशेषतः स्वीडन व नेदरलँड्समध्ये, सरकारी यंत्रणांनी या प्रश्नाची गांभीर्याने दखल घेतली. भारतात 2017 च्या सक्तीच्या नोंदणी आदेशाने इन्व्हर्टरवर लादलेली मानके विद्युत्-सुरक्षितता आणि जाळ्यातील वीज गेल्यास यंत्र बंद पडणे यांविषयी होती. तारमार्गावरील माणसाचा जीव वाचवणारे हे नियम आवश्यकच होते, परंतु रेडिओच्या कानाला त्यांत जागा नव्हती. एका वॅटच्या प्रक्षेपकासाठी परीक्षा घेणारी व्यवस्था दिवसभर नकळत प्रक्षेपण करणाऱ्या यंत्राला गोंगाटाच्या तपासणीविना छपरावर चढू देते, ही विसंगती जुन्या कायद्यांच्या घडणीतून आलेली आहे.

उपाय फारसे खर्चिक नाहीत. धन आणि ऋण तारा एकत्र, शक्यतो पीळ देऊन न्याव्यात, इन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंस फेराइटची कडी, म्हणजे उच्च कंप्रतेची विद्युत् अडवणारी चुंबकीय वळी, बसवावीत आणि यंत्राची धातूची पेटी नीट भूसंबंधित करावी. यांतील तारांचे काम संच बसवतानाच करता येते आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. नंतर मात्र त्यासाठी पुन्हा छपरावर चढावे लागते. छपरावर संच घेणाऱ्या पाथरीकराने ठेकेदाराकडे एवढी मागणी आधीच करावी.