बरसाती

गेल्या ऑगस्टमध्ये माथेरानला गेलो होतो. दस्तुरी नाक्यावर एका घोडीच्या मागच्या पायाला, खुराच्या जरा वर, लालभडक जखम दिसली. वर माशा. डॉक्टरला दाखवलं का विचारलं, तर घोडेवाले काका म्हणाले, "दाखवलंय साहेब. पण पावसात नाय भरत. दिवाळीनंतर बघू." तोवर घोडी बसून, म्हणजे धंदाही बसून.

घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. कातडी ताणलेली, रक्तपुरवठा कमी. त्यामुळे तिथली जखम एरवीही रेंगाळते. पण काकांच्या त्या 'पावसात'ने डोकं खाल्लं. घरी येऊन वाचत बसलो.

इंग्रजांच्या फौजेतले पशुवैद्य एकोणिसाव्या शतकात याच कोड्याने हैराण होते. हिंदुस्थानात पावसाळा आला की घोड्यांच्या जखमा चिघळायच्या, आत खड्यांसारख्या कडक गाठी व्हायच्या. रोगाला त्यांनी इथलंच नाव दिलं: बरसाती. गाठींना म्हणायचे कंकर. इलाज? कापा आणि डागा.

गंमत म्हणजे (आमच्या धंद्यात हे रोजचंच) तक्रार एक, बग दोन!

पहिला बग म्हणजे हॅब्रोनेमा. हा जंत घोड्याच्या पोटात राहतो, अळ्या लिदीतून बाहेर पडतात, लिदीत वाढणाऱ्या माशीत शिरतात. माशी जखमेवर बसली की अळ्या तिथे उतरतात आणि जखम भरू देत नाहीत. माशीचा हा सहभाग अमेरिकेत रॅन्समने 1913 मध्ये दाखवला.

दुसरा जास्त बेरकी. 1884 मध्ये स्मिथला या गाठींमध्ये बुरशीसारखे धागे दिसले होते. पण ती बुरशी नव्हेच! पिथियम इन्सिडिओसम हे नाव तिला मिळालं 1987 मध्ये. ही शेवाळाच्या लांबच्या नात्यातली. हिचे बीजाणू साचलेल्या पाण्यात चक्क पोहतात आणि पाण्यात उभ्या घोड्याच्या पायाला चिकटतात. बहुतेक बुरशीनाशकं ज्या एर्गोस्टेरॉलच्या मागे लागतात, ते हिच्यात जवळपास नसतंच. म्हणून आजही लवकर आणि पूर्ण कापून काढणं हाच मोठा आधार. जंतावर मात्र 1980 च्या दशकात आयव्हरमेक्टिन आलं. (हो, कोविडात गाजलेलं तेच. 2015 चं नोबेल त्याच्याच शोधाला.)

म्हणजे 'दिवाळीनंतर बघू' हे माशीवाल्या बरसातीला चालून जातं, कारण थंडीत माशा कमी होतात. पाण्यावाल्या बरसातीत तेवढ्या वेळात पाय हाताबाहेर जातो. आणि वरून दोन्ही सारख्याच दिसतात.

काकांना फोन करून तुकडा तपासायला द्या म्हटलं. "बघतो साहेब," म्हणाले. नोव्हेंबरमध्ये परत फोन केला. जखम भरली होती. केस अजून आले नव्हते.