शिपायाचे गहाण घर आणि कायद्याचे छत्र

घरापासून दूर राहणाऱ्या माणसास मागील घराची काय काळजी असते, हे आपल्या मंडळाच्या सभासदांस निराळे सांगावयास नको. आम्हीही केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्यांच्या गावी आयुष्य काढले. गावाकडील नोटीस तीन पत्ते फिरून हाती यावी आणि तोवर मुदत टळून गेलेली असावी, हा अनुभव पुष्कळांच्या पदरी असेल. परंतु आपणांस निदान रजा तरी मिळते. ज्यास सरकारनेच आघाडीवर धाडले, त्या शिपायाने गहाण घर कसे राखावे? या प्रश्नास कायद्याने दिलेल्या उत्तराचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

या बाबतीत अमेरिकेने पुष्कळ लांबचा पल्ला गाठला. तेथील यादवी युद्धाच्या काळात काही राज्यांनी सैनिकांवरील दावे सरसकट थांबविले होते. त्यात सैनिकाचे रक्षण झाले, पण ज्यास देणे सहज फेडता येत होते, त्यासही तीच सवलत मिळाली. पहिल्या महायुद्धात हा दोष टाळण्यात आला. ८ मार्च १९१८ रोजी संमत झालेल्या कायद्याचा मसुदा जॉन हेन्री विगमोर या विख्यात कायदेपंडिताने तयार केला होता. दावे सरसकट न थांबविता, सैन्यातील नोकरीमुळे देणे फेडण्यास खरोखर अडचण आली आहे काय, हे न्यायाधीशाने पाहावे, असे तत्त्व त्यात होते.

तो कायदा युद्धाबरोबर संपला. १९४० मध्ये त्याच धर्तीवर नवा कायदा आला. १९४२ मध्ये त्यात भर पडून सैन्यात जाण्यापूर्वीच्या कर्जावरील व्याजास शेकडा ६ ची मर्यादा घातली गेली. २००३ मध्ये हा सर्व कायदा नव्याने लिहिला गेला आणि ६ टक्क्यांवरील व्याज पुढे ढकलावयाचे नसून माफच करावयाचे, हे निःसंदिग्ध झाले. सैनिकाचे घर न्यायालयाच्या हुकमाशिवाय लिलावात काढता येत नाही. जाणूनबुजून काढल्यास तो गुन्हा ठरतो. हे संरक्षण सेवा संपल्यावर पूर्वी ९० दिवस टिके. २००८ मध्ये ते नऊ महिने झाले, २०१२ च्या कायद्याने एक वर्ष झाले आणि २०१८ मध्ये ती मुदत कायम करण्यात आली. मात्र कर्ज सैन्यात दाखल होण्यापूर्वीचे असावे लागते. नागरिक म्हणून मिळणाऱ्या कमाईच्या भरवशावर जो बोजा घेतला, तो शिपायाच्या पगारात पेलवेनासा होतो, हे त्यामागील इंगित होय.

आता आपल्याकडे वळू. दक्षिणेतील शेतकऱ्यास गहाणखताचे भय नवे नव्हते. १८७५ साली सुप्यास आणि आसपास सावकारांची खते जाळली गेली, त्यानंतर १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. त्याच मुलखातील तरुण पुढे मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात गेले. कूतच्या वेढ्यात सहावी पुणे डिव्हिजन अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले. तुर्कांच्या कैदेत पडलेल्या शिपायावर तालुक्याच्या कोर्टाचे समन्स कसे बजावणार? आणि तो हजर नाही म्हणून एकतर्फी हुकूमनामा झाला, तर त्यास न्याय म्हणावे काय?

या अडचणीवर हिंदुस्थान सरकारनेही १९१८ सालीच शिपायांच्या दाव्यांसंबंधी कायदा केला. १९२५ च्या चौथ्या कायद्याने तो नव्याने एकत्र मांडण्यात आला. शिपाई युद्धावर असल्याने हजर राहू शकत नाही, असे कलेक्टरने कोर्टास कळविले आणि त्याच्या वतीने कोणी उभा नसेल, तर काम सामान्यतः तहकूब करावयाचे. त्याच्या गैरहजेरीत झालेला हुकूमनामा न्यायासाठी रद्द करता येतो, आणि युद्धसेवेचा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो. शिपाई सेवेत मरण पावला, तर घरच्यांस अधिकृत वार्ता धाडीपर्यंतचा काळही वगळतात. स्वातंत्र्यानंतरही हा कायदा चालू राहिला.

दोन्ही कायद्यांतील भेद ध्यानी घेण्याजोगा आहे. आपल्या कायद्याने शिपायास वेळ दिला. व्याजास हात लावला नाही. अमेरिकेने वेळ दिला आणि बोजाही हलका केला. तरीही तेथे सर्व सुरळीत झाले असे नाही. २०११ च्या सुमारास काही मोठ्या बँकांनी सेवेतील सैनिकांची घरे बेकायदा काढून घेतल्याचे उघड झाले, आणि भरपाया द्याव्या लागल्या. व्याजाची सवलतही आपोआप मिळत नाही. सैनिकाने सेवेच्या हुकमाच्या प्रतीसह लेखी मागणी करावी लागते.

यातून आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. जो देशाच्या कामासाठी गैरहजर आहे, त्याची गैरहजेरी त्याच्याविरुद्ध वापरू नये, एवढे तत्त्व कायद्याने मान्य केले. पण ते कोर्टाच्या कानी घालणारा कोणी तरी घरी असावा लागतो. आपल्या मंडळींपैकी कोणाचा मुलगा वा जावई सैन्यात असेल, तर घराची कागदपत्रे, मुखत्यारपत्र आणि त्याच्या नेमणुकीच्या हुकमाची प्रत एका जागी ठेवावी. तो सीमा राखीत असता त्याचा उंबरठा राखणे, हे मागे राहिलेल्यांचे काम होय.