हलके रनिंग शूज: केळशीच्या वाळूत किती कामाचे?

दापोली तालुक्यातल्या केळशीला लांबलचक समुद्रकिनारा आहे. इथे पळायचं, तर महागडे आणि हलके शूज घ्यावेत का?

वजनाचा फायदा किती?
प्रत्येक बुटाचं वजन १०० ग्रॅमने घटलं, की पळताना साधारण १ टक्का ऊर्जा वाचते. विक्रम अशाच फरकाने मोडतात. आदिदासने २०२३ मध्ये जेमतेम १३८ ग्रॅमचा ‘आदिओस प्रो इव्हो १’ आणला. त्याच वर्षी इथिओपियाच्या टिगिस्ट असेफाने तो घालून बर्लिन मॅरेथॉन २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांत जिंकली. तो तेव्हाचा महिलांचा विश्वविक्रम होता. मात्र हा बूट जेमतेम एका मॅरेथॉनपुरता बनवलेला होता.

वाळूत काय होतं?
सुक्या वाळूत पाय रुततो. कडक जमिनीच्या तुलनेत सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. तिथे वाचलेला १ टक्का जाणवतही नाही. शिवाय वरच्या जाळीतून वाळू आत शिरते आणि पायाला फोड येतात.

मग काय घ्यावं?
रोजच्या सरावाला टिकाऊ सोल आणि चांगली पकड महत्त्वाची. शूज संध्याकाळी घालून बघा, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी. ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर पळा. किनारा उतरता असतो, म्हणून गेलात तेवढंच अंतर त्याच वाटेने परत या. म्हणजे एकाच पायावर ताण येत नाही. हलका बूट शर्यतीच्या दिवसासाठी राखून ठेवा.