वाड्याचा वारसा होतो, महारवाड्याचा का नाही?

गावातला जुना वाडा पडायला आला की त्याची बातमी होते. कुणी फोटो काढायला येतो, कुणी मालिकेचे चित्रीकरण करतो, कुठे त्याच वाड्याचे हॉटेल होते. दिंडी दरवाजा, देवडी, सोपा, चौक, माजघर, सागवानी खांब, भिंतीतले बळद यांवर कौतुकाचे लेख येतात. वाड्याचे मालक असलेल्या देशमुख-पाटलांच्या पिढ्या नावानिशी छापल्या जातात. त्याच काळात त्याच गावाच्या वेशीबाहेरही माणसे राहत होती. त्यांची घरे कशाची होती, त्यात कोण राहिले, याबद्दल या लेखांत एक ओळही नसते.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. वाडा आणि महारवाडा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ते एकाच नकाशाचे दोन भाग आहेत. एक भाग जपायचा आणि दुसरा पुसायचा, याला इतिहास म्हणत नाहीत.

नकाशा कोणी आखला?

जुन्या गावाची विभागणी काळी आणि पांढरी अशी होती. काळी म्हणजे शेतीची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीभोवती गावकूस, त्याला वेस आणि वेशीबाहेर महारवाडा, मांगवाडा. चांडाळांनी गावाबाहेर राहावे, असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे.

अस्पृश्य कोण होते, याचा शोध घेणारा बाबासाहेबांचा ग्रंथ 1948 साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी मुळाशी जाणारा प्रश्न विचारला: हे लोक गावातून बाहेर काढले गेले, की सुरुवातीपासूनच बाहेर होते? त्यांच्या मांडणीनुसार ते पराभूत होऊन विखुरलेल्या टोळ्यांतले लोक होते आणि स्थिर झालेल्या वस्त्यांच्या कडेला राहून राखण करीत होते. आयर्लंड आणि वेल्समध्येही असे परके लोक वस्तीबाहेर राहत असत, हे त्यांनी दाखवले. तिथे पुढे ते समाजात मिसळून गेले. इथे अस्पृश्यतेने वेशीबाहेरचे घर कायमचे केले. म्हणजे महारवाड्याची जागा आमच्या पूर्वजांच्या कसल्या दोषाने ठरली नाही. तिला कायम करणारी व्यवस्था माणसांनी उभी केली.

उंबरठ्यांची उतरंड

वाड्याकडे या नजरेने पाहा. ओसरीवर कोण बसेल, सोप्यापर्यंत कोण येईल, माजघरात कोण जाईल, हे जातीवर आणि बाईमाणसांच्या बाबतीत लिंगावरही ठरत होते. प्रत्येक उंबरठा म्हणजे एक चाळणी. महार लाकडे फोडायला, सांगावा द्यायला वाड्यावर येई, पण तो बाहेरच थांबे. भाकरी वरून टाकली जाई. त्या सुंदर दिंडी दरवाजाचे हेही एक काम होते आणि ते वास्तुकलेच्या लेखात यायला हवे.

यातली विसंगतीही बघा. गावाच्या शिवेचा तंटा झाला की महाराची साक्ष मोलाची मानली जाई. वेसकर म्हणून रात्री वेस राखणारा महार, सरकारी सारा तालुक्याला पोचवताना सोबत जाणारा महार. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरत होती, त्याला त्या हद्दीत घर नव्हते.

आणि ते घर तरी कसे? दगड-मातीच्या ठेंगण्या भिंती किंवा शेणमातीने सारवलेला कूड, वर गवताचे, पाचटाचे छप्पर. मराठवाडा-खानदेशात मातीचे धाबे. वाकूनच आत जावे लागेल असे दार. हे केवळ गरिबीमुळे होते, असे समजू नका. अस्पृश्यांवर लादलेल्या बंधनांची जी यादी बाबासाहेबांनी दिली आहे, तिच्यात कौलारू घर बांधणे हा गुन्हा मानला जाई, असे नोंदवले आहे. वस्ती दक्षिणेला असावी, कारण ती दिशा अशुभ, हेही त्याच यादीत आहे. म्हणजे छप्पर कशाचे असावे, हे ऐपतीने नव्हे, जातीने ठरवले. हातात पैसा आला तरी कौल चढवायची मुभा नव्हती. वास्तुकलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आमचे दस्तऐवज

या घरांची पहिली नोंद पुरातत्त्व खात्याने केली नाही. ती आमच्या लेखकांनी केली. दया पवारांचे 'बलुतं' (1978), बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (1986), ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (2003) ही पुस्तके आत्मकथने म्हणून वाचली जातात. ती आमच्या वस्त्यांची कागदपत्रेही आहेत. चूल, अंगण, पाणवठा, बायकांचे कष्ट यांचा माग त्यांत सापडतो.

पुढे या घरांनी क्रांतीही पाहिली. 14 ऑक्टोबर 1956 नंतर घराघरांतले देव्हारे रिकामे झाले आणि भिंतीवर बुद्ध-बाबासाहेब आले. अनेक गावांत तक्क्याच्या जागी विहार उभे राहिले. 1958 च्या कायद्याने महार वतन संपवले. 1978 ला नामांतराच्या प्रश्नावर मराठवाड्यात आमच्याच वस्त्या पेटवल्या गेल्या. जळालेल्या त्या घरांच्या जागी साधी पाटी तरी आहे का?

मग काय, झोपड्या जपायच्या?

काही मित्र विचारतील, बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत खेड्याच्या गौरवाचे वाभाडे काढले, मग तुम्ही खेड्यातली घरे कशाला उकरता? उत्तर सोपे आहे. आम्हाला दारिद्र्याचे संग्रहालय नको. पक्के घरकुल हा हक्क आहे, ते मिळालेच पाहिजे. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तोही योग्यच. पण नाव बदलले आणि भिंत पडली की पुरावाही जातो. उद्या कुणी म्हणेल, गावात सगळे गुण्यागोविंदाने राहत होते. तेव्हा दाखवायला आपल्याकडे काय असेल?

म्हणून तरुणांना सांगणे आहे. घरकुलासाठी जुने घर पाडण्याआधी त्याचा फोटो काढा, खोल्यांची मापे घ्या, साधा नकाशा काढा. वेस, तक्क्या, आपली विहीर, जुना पाणवठा यांच्या जागा त्यावर दाखवा. आजी-आजोबांना विचारून त्या घरात कोण कोण राहिले, कोण मुंबईला गिरणीत गेले, कोण पलटणीत गेले, हे त्यांच्याच शब्दांत रेकॉर्ड करा. त्याची एक प्रत विहारात ठेवा.

वाड्यांचा इतिहास लिहायला माणसे कमी नाहीत. वेशीबाहेरचा इतिहास आपण लिहिला नाही, तर तो लिहिला जाणार नाही.

जय भीम!