आलिशान फोर-व्हील-ड्राइव्ह मोटारी, जुन्या : देखभाल व दोषशोधन

इंजिनाची शक्ती चारही चाकांना पुरवणारी, महागड्या श्रेणीतली आणि साधारण दहा वर्षांहून जुनी झालेली मोटार सुस्थितीत ठेवण्यासाठी करायची नित्याची कामे, तसेच तिच्यातील बिघाडाचे मूळ कारण क्रमाने शोधून काढण्याची पद्धत. गॅरेजच्या बोलीत अशा गाडीला ‘फोर बाय फोर’ म्हणतात. ऑडी क्यू ५ व क्यू ७, मर्सिडीज-बेंझ एमएल व जीएल, बीएमडब्ल्यू एक्स ५, लँड रोव्हर डिस्कव्हरी या तिच्या ठळक जाती. स्कोडा यती ४×४ व कोडिॲक आणि फोक्सवॅगन टिग्वान यांचीही यंत्ररचना याच वळणाची असल्याने त्यांचा विचार येथे सोबत केला आहे.

छत्रपती संभाजीनगर व या मोटारी : या शहराचा अशा गाड्यांशी संबंध केवळ ग्राहकाचा नाही. शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ साली स्कोडाचा कारखाना सुरू झाला. पुढे त्याच आवारात ऑडीच्या मोटारींची जुळणी होऊ लागली. क्यू ५ ची जुळणी २०१० मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर क्यू ७ ची. यती, कोडिॲक आणि टिग्वान याही येथेच जुळवल्या गेल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक, डॉक्टर व व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज-बेंझ मोटारी घेतल्या. त्या खरेदीची रक्कम सुमारे ६५ कोटी रुपये होती. त्या सगळ्या फोर बाय फोर नव्हत्या, पण आलिशान गाड्यांचे शहर ही ओळख त्या दिवसापासून पक्की झाली. त्या काळात घेतलेल्या गाड्यांना आता सुमारे पंधरा वर्षे झाली. त्यांतल्या बऱ्याच दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या असून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गल्लीतल्या गॅरेजात आल्या आहेत. नव्या गाडीच्या किमतीचा काही अंश मोजून ही गाडी मिळते. सुट्या भागांच्या किमती मात्र नव्या गाडीच्याच हिशेबाने असतात. म्हणून भाग बदलण्याआधी दोष नेमका ओळखणे हीच या गाडीच्या देखभालीतली सर्वांत मोठी बचत होय.

हवामान व रस्त्यांचा परिणाम : एप्रिल-मे महिन्यांत शहराचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. या उन्हात रबरी होज, बुश आणि प्लॅस्टिकचे कूलंट पाइप कडक होऊन तडकतात. काळ्या मातीची बारीक धूळ एअर फिल्टर लवकर भरते. रेडिएटर, इंटरकूलर आणि एसीचा कंडेन्सर एकामागे एक बसवलेले असतात. त्यांच्या फटींत धूळ व किडे अडकले की समोरून जाळी स्वच्छ दिसते, पण हवा आरपार जात नाही. कन्नडचा औट्रम घाट चढताना गाडी तापते आणि शहरात तापत नाही, असे असेल तर थर्मोस्टॅट बदलण्याआधी ही जाळी मागच्या बाजूने कमी दाबाच्या पाण्याने धुऊन पाहावी. बोअरचे पाणी कूलंटमध्ये कधीही भरू नये. त्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. डिस्टिल्ड वॉटर व कंपनीने सांगितलेले कूलंट निम्मे-निम्मे वापरावे आणि वेगवेगळ्या जातीची कूलंट एकत्र करू नयेत. ७०१ किमी लांबीच्या समृद्धी महामार्गावरचा सलग वेग जुन्या टायरची खरी परीक्षा घेतो.

टायर : टायरच्या बाजूवर उत्पादनाचा चार अंकी आकडा असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी वयाने टणक झालेला, बारीक भेगा पडलेला टायर महामार्गावर नेऊ नये. फोर बाय फोरमध्ये आणखी एक पथ्य आहे. चारही टायर एकाच मापाचे, एकाच नमुन्याचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. एकच टायर नवा बसवला तर त्याचा परीघ मोठा राहतो, चाकांच्या फेऱ्यांत सतत तफावत पडते आणि ती मधला डिफरन्शियल किंवा क्लच अखंड सोसत राहतो. बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्ह गाडीत कमी वेगात धक्के जाणवू लागले तर ट्रान्सफर केस उघडण्यापूर्वी टायरांची मापे तपासणे स्वस्त पडते.

चार चाकांची यंत्रणा : क्यू ५ व क्यू ७ मध्ये कायम चारही चाकांना शक्ती देणारी क्वाट्रो यंत्रणा आहे. तिचा मधला डिफरन्शियल सर्वसाधारण स्थितीत पुढे ४० व मागे ६० टक्के जोर वाटतो. यती, कोडिॲक व टिग्वान यांत मागच्या चाकांसाठी हाल्डेक्स क्लच असतो आणि तो गरज पडेल तसा जोडला जातो. हाल्डेक्सच्या तेलाचा अनेकांना विसर पडतो. दर तीन वर्षांनी हे तेल बदलणे हिताचे. पाचव्या पिढीच्या हाल्डेक्समध्ये वेगळा फिल्टर नसून पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. क्लचचा झिजलेला गाळ तिथे बसतो आणि पंप जळतो. त्यामुळे तेल बदलताना पंप उतरवून जाळी धुतलीच पाहिजे. पंप बंद पडला तरी गाडी पुढच्या दोन चाकांवर निमूटपणे धावत राहते, आणि दोष उघड होतो तो चिखलात. पावसाळ्यापूर्वी मोकळ्या मातीत सावकाश गाडी हलवून मागची चाके जोर घेतात का, ते पाहून ठेवावे. अशी गाडी टो करताना दोन चाके उचलून ओढू नये. चारही चाके वर घेणारा सपाट ट्रकच मागवावा.

गिअरबॉक्स : ‘यातले तेल आयुष्यभर चालते’ असे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल सांगितले जाई. डिस्कव्हरी व एक्स ५ यांना गिअरबॉक्स पुरवणाऱ्या झेडएफ कंपनीची शिफारस मात्र ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा आठ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदलावे अशी आहे. तेलाची पातळी ठरावीक तापमानालाच मोजावी लागते. स्कॅनरवर ते तापमान न पाहता भरलेले तेल कमी-जास्त होते आणि चांगला गिअरबॉक्स झटके देऊ लागतो.

एअर सस्पेन्शन : स्प्रिंगऐवजी हवेने भरलेल्या रबरी पिशव्यांवर गाडी तोलणारी ही रचना जुन्या आलिशान गाड्यांतल्या तक्रारींत पहिल्या क्रमांकावर असते. नेहमीचे चित्र असे असते : सकाळी क्यू ७ चा पुढचा डावा कोपरा खाली बसलेला दिसतो. इंजिन सुरू केले की कॉम्प्रेसर घरघरतो आणि गाडी उठते. काही महिन्यांनी ती उठेनाशी होते, आणि मालकाला ‘कॉम्प्रेसर गेला’ असे सांगितले जाते. कॉम्प्रेसर गेलेला असतो हे खरे, पण त्याला मारले ते गळतीने. रोजची गळती भरून काढताना तो तापत राहतो, रिले चिकटतो, आणि हवेतला ओलावा शोषणारा ड्रायर ओला होतो. अशा वेळी नुसता नवा कॉम्प्रेसर बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

गळती शोधण्याचे साधन म्हणजे साबणाचे पाणी. गाडी पूर्ण उंचीवर घ्यावी, चाक एका बाजूला वळवावे आणि पिशवीच्या खालच्या दुमडीवर, नळीच्या जोडावर व व्हॉल्व्ह ब्लॉकवर फवारा मारावा. रबर जिथे रोज दुमडते तिथेच भेग पडते. बुडबुडे बारीक असतात. पाच मिनिटे डोळा न हलवता पाहावे. एकच कोपरा बसत असेल तर त्या बाजूची पिशवी किंवा नळी पाहावी. पूर्ण गाडी बसत असेल तर व्हॉल्व्ह ब्लॉक व मुख्य जोड पाहावेत. जॅक लावण्याआधी मेनूतील जॅक मोड चालू करणे आवश्यक आहे. केवळ हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. स्टँड लावल्याशिवाय हात घालणे जिवावर बेतू शकते.

वीज व बॅटरी : डॅशबोर्डवर एकाच वेळी एबीएस, सस्पेन्शन, पार्किंग ब्रेक आणि गिअरबॉक्स यांचे दिवे लागले तर चार भाग एकदम बिघडलेले नसतात. पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो आणि इंजिन चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावा. त्यानंतर अर्थिंगच्या वायरींचे बोल्ट गंजले आहेत का, ते पाहावे. बॅटरी नवी बसवल्यावर तिची नोंद बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने करावी लागते, नाहीतर चार्जिंगचा हिशेब जुन्याच बॅटरीचा चालू राहतो.

बॅटरी वारंवार उतरत असेल तर गाडी बंद करून, दारे बंद आहेत असे कुलुपाला भासवून, तीस ते चाळीस मिनिटे थांबावे. या काळात सगळे मॉड्यूल झोपी जातात. मग क्लॅम्प मीटरने मोजलेला प्रवाह साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. तो ५०० मिलिअँपिअर निघाला तर दिवसाला १२ अँपिअर-तास खर्ची पडतात आणि ९५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्मी होते. यापुढे फ्यूज उपटत बसू नये. त्याने झोपलेले मॉड्यूल जागे होतात आणि खूण पुसली जाते. प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांमधला मिलिव्होल्ट दाब मोजला की प्रवाह खाणारा मार्ग सापडतो.

पाणी : सनरूफच्या चार कोपऱ्यांतून आणि काचेखालच्या खोबणीतून पाणी बाहेर नेणाऱ्या नळ्या असतात. कडुनिंबाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या पानांच्या काड्यांनी तुंबतात आणि पाणी कार्पेटखाली व डिकीत उतरते. नेमके तिथेच वायरींचे जोड व मॉड्यूल असतात. पहिल्या पिढीच्या क्यू ७ ची तर बॅटरीच पुढच्या सीटखाली आहे. मे अखेरीस प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी ओतून ते चाकाजवळून बाहेर पडते का, ते पाहावे. या पाच मिनिटांच्या कामाने हजारो रुपयांचे नुकसान टळते. उभ्या गाडीत वायरी कुरतडणाऱ्या उंदरांचाही बंदोबस्त याच सुमारास करावा.

इंजिन : मर्सिडीजच्या तीन लिटर व्ही-६ डिझेल इंजिनात दोन रांगांमधल्या खोलगट भागात ऑइल कूलर असतो. त्याची सील कडक झाली की तेल मागे ओघळत गिअरबॉक्सच्या जोडाशी टपकते. मग मागचे क्रँक सील गेले असे समजून गिअरबॉक्स उतरवला जातो. गळतीचा उगम नेहमी वरून खाली शोधावा : इंजिन धुवावे, पन्नास किलोमीटर चालवावे आणि टॉर्चच्या प्रकाशात सर्वांत वरचा ओला ठिपका गाठावा. फोक्सवॅगन समूहाच्या दोन लिटर डिझेल इंजिनांत ‘पी २०१५’ हा कोड पुष्कळदा येतो. तो इन्टेक मॅनिफोल्डमधील झडपेची स्थिती चुकल्याचे सांगतो. चूक सेन्सरची आहे की झिजलेल्या प्लॅस्टिक जोडाची, हे मात्र उघडून पाहूनच कळते. टायमिंग चेन असलेले थंड इंजिन सुरू होताना त्याच्या मागच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड आली तर चेनचा टेन्शनर तपासून घ्यावा आणि ती टाळण्यासाठी योग्य प्रतीचे तेल मुदतीआधीच बदलावे.

दोषशोधनाचा क्रम : (१) तक्रार मालकाच्या शब्दांत लिहून घेणे : थंड असताना की गरम, चढावर की उतारावर, पावसानंतर की उन्हात. (२) गाडी स्वतः चालवून ती तक्रार पुन्हा घडवणे. (३) बॅटरी, फ्यूज, तेल व पाणी पाहणे. (४) सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावून सगळ्या मॉड्यूलचे कोड, त्यांच्या वेळच्या नोंदींसह, जतन करणे. (५) कोड पुसून गाडी चालवणे आणि परत येणारे कोडच खरे मानणे. (६) संशयित भागाची वायर, दाब व जोड मोजणे. (७) शेवटी भाग बदलणे. कोड कोणत्या दिशेला पाहायचे ते सांगतो, कोणता भाग विकत घ्यायचा ते सांगत नाही. कोड वाचला की भाग मागवला, ही सवयच या गाड्यांना महागड्या म्हणून बदनाम करते.

नोंदवही व नोंदणी : प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर, तेलाची जात व भागाचा क्रमांक वहीत लिहावा. पुढच्या दोषाचा निम्मा शोध या वहीत लागतो. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. त्यानंतर तपासणी व हरित कर भरून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. २०१०-११ च्या गाड्यांवर आता हीच वेळ आली आहे.

जुनी गाडी घेणाऱ्याने ती आदल्या रात्रीपासून उभी असताना, सकाळी, इंजिन थंड असतानाच पाहावी. चारही कोपरे सारख्या उंचीवर आहेत का, कार्पेट कोरडे आहे का, पहिल्या सुरुवातीला आवाज येतो का, एवढे पाहावे आणि वही मागावी. विकणारा आधीच गरम केलेली गाडी दाखवत असेल आणि वही देत नसेल, तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.