प्लॅस्टिकच्या सैनिकांचे रूपांतर : एका उपेक्षित साधनाचा विचार

इतिहासाची साधने मोजताना आपण कागदपत्रे, नाणी, लेख व वास्तू यांचा उल्लेख करतो. खेळण्यांचा करीत नाही. त्यातही ब्रिटनमधील युद्धखेळाच्या हौशी मंडळींनी १९६० च्या दशकात चाकूने कापलेले, डोकी बदललेले, इंचाहूनही कमी उंचीचे प्लॅस्टिकचे सैनिक म्हणजे केवळ पोरखेळ, असेच कोणासही वाटेल. तथापि कारखान्याने पेटीत घालून विकलेल्या इतिहासात सामान्य अभ्यासूला काय उणे वाटत होते, हे या कापाकापीतून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते.

युद्धखेळाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे पुरे. प्रशियात राइसविट्झने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेले नियम सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी होते. त्यात सैन्याच्या जागी नुसते ठोकळे असत, आणि ठोकळ्याला गणवेश नसतो. शिशाचे सैनिक घेऊन खेळण्याचे नियम एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिट्ल वॉर्स' या पुस्तकात मांडले. डोनल्ड फेदरस्टोनचे 'वॉर गेम्स' १९६२ मध्ये निघाले, तेव्हा या छंदाला नवा वाचकवर्ग मिळाला होता, आणि त्याच सुमारास स्वस्त सैन्यही मिळू लागले होते.

हे सैन्य एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचे. १९५९ मध्ये तिने काढलेल्या पहिल्या संचांत राजरक्षक पलटणीचे वाद्यवृंद व निशाणपथक होते. म्हणजे विषय लंडनच्या समारंभाचा, इतिहासाचा नव्हे. आकारही रणांगणासाठी ठरला नव्हता, तो खेळण्यातील आगगाडीच्या प्रमाणाला जुळणारा होता. एका पेटीत चाळीस-पन्नास आकृती असत व किंमत दोन शिलिंगांच्या आसपास. शेकडो सैनिक उभे करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला धातूच्या आकृती परवडण्याजोग्या नव्हत्या, या मात्र होत्या.

परंतु स्वस्ताईचे मूळ पोलादी साच्यात होते. असा साचा फार खर्चाचा. तो भरून निघण्यास प्रचंड खप हवा. म्हणून चित्रपटांनी मुलांच्या परिचयाचे केलेले विषय आधी आले : काउबॉय, रेड इंडियन, रॉबिनहूड, अमेरिकन यादवी युद्ध. नेपोलियनच्या युद्धांविषयी खेळाडूंना अतोनात ओढ. पण वॉटर्लूचे संच त्या दशकाच्या अखेरीस येऊ लागले. तोपर्यंत ज्याला वॉटर्लू लढवावयाची होती, त्याला ती हातच्या सामग्रीतून घडवावी लागे. राजरक्षकांची उंच अस्वली टोपी फ्रेंच रक्षकदलाच्या ग्रेनेडिअरला चाले. अमेरिकन यादवीतील तोफा थोड्या फेरफाराने युरोपात येत.

ही कृती दिसते तितकी सोपी नव्हती. या आकृती मऊ पॉलिथीनच्या. तिच्यावर साधा गोंद धरत नाही व रंगाचे पापुद्रे निघतात. म्हणून आकृती आधी साबणाच्या पाण्याने धुवावी, डोके धारदार पात्याने उतरवावे, मानेत टाचणीचा तुकडा खोवून त्यावर दुसरे डोके बसवावे. हात वाकवावयाचा तर गरम पाण्यात बुडवून वाकवावा व लगेच थंड पाण्यात धरावा. आडवे पट्टे कागदाच्या चिंधोट्यांचे करीत. दोन भागांच्या साच्यातून आकृती अडकल्याशिवाय निघावी म्हणून तिचे हातपाय बहुधा एकाच प्रतलात राहत. चपटेपणाचा हा शाप मोडणे हाही रूपांतराचा एक हेतू होता.

आता मुद्द्याकडे वळू. डोके बदलताच वर्ष बदलते. ब्रिटिश पायदळाची सरळ नळकांड्यासारखी टोपी १८१२ पूर्वीच्या स्पेनमधील मोहिमेची. पुढची बाजू उंच असलेली टोपी वॉटर्लूची. फ्रेंच कोटाचे लांब पुच्छ ठेवावे की कापावे, याचे उत्तर १८१२ च्या गणवेशनियमांत आहे. पण नियम निघाला त्या दिवशी पलटण नवे कपडे घालीत नाही. नियमातील वेश आणि मोहिमेवरील वेश यांतील हे अंतर आमचे पदव्युत्तर विद्यार्थी पुष्कळदा विसरतात. चाकू हातात असणाऱ्याला ते विसरता येत नाही. त्याला कापण्यापूर्वी निर्णय घ्यावाच लागतो. अर्थात तोही बहुधा चित्रांच्या छापील तक्त्यांवर विसंबे, आणि तक्त्यातील चूक मग शंभर आकृतींत उतरे. साधनचिकित्सेचा धडा म्हणून ही उणीवही उपयोगी आहे.

आपल्याकडील वाचकांच्या मनात येथे एक प्रश्न सहज उभा राहील. वॉटर्लूचा विजेता वेलस्ली हाच २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंद्यांच्या कवायती पलटणींशी लढला होता. त्या लढाईचा संच एअरफिक्सने कधी काढला नाही. खप नव्हता, एवढेच कारण पुरेसे आहे. असई मांडू इच्छिणाऱ्याला युरोपीय पद्धतीने बंदूक धरलेले धड एका पेटीतून व पागोटे घातलेले डोके दुसरीकडून आणावे लागणार. द बॉइनने उभारलेल्या त्या फौजेचे स्वरूप, युरोपीय कवायत आणि हिंदी शिपाई, या जोडकामात अनायासे प्रकट होते.

२००८ च्या सुमारास पेरी बंधूंसारख्या उत्पादकांनी कडक पॉलिस्टायरीनचे, सुटी डोकी व हात असलेले संच काढले. हे प्लॅस्टिक द्रावकाने विरघळून एकजीव जुळते, आणि बदलाची सोय पेटीतच असते. सोय वाढली, हे खरे. परंतु उत्पादकाने आधीच योजून ठेवलेला बदल आणि त्याच्या इच्छेविरुद्ध केलेला बदल यांचे पुरावा म्हणून मोल सारखे नाही.

जुन्या रूपांतरित आकृती मात्र झपाट्याने नाहीशा होत आहेत. मऊ प्लॅस्टिक काळाने ठिसूळ होते. बंदुका व घोट्यांचे भाग प्रथम तुटतात. संग्राहकाला हवी असते न उघडलेली मूळ पेटी; कापलेला, रंगवलेला सैनिक त्याच्या लेखी बिघडलेला माल. अशा आकृती एखाद्या संग्रहालयाकडे आल्याच, तर जुना रंग खरवडू नये, मानेतील टाचणी काढू नये, आणि धड कोणत्या संचातील व डोके कोणत्या, हे दोन्ही स्वतंत्रपणे नोंदवावे.